फणीमावशीचे डोळे

छोट्या डॉक्टरांच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात सरकीचे चार ट्रे, एकावर एक. शहाणा माणूस दोन खेपा करतो, पण छोटे डॉक्टर पीएच.डी. झालेले होते. उंबरठ्याला पाय अडला, तेव्हा त्यांनी चहा सावरला आणि ट्रे सोडले.

कापूस संशोधन केंद्राच्या त्या खोलीत आठशे बिया फरशीभर पांगल्या. एका ट्रेमधली सरकी साधी होती, बाकीच्या तिन्हींना किरणं दिलेली: एकीला थोडी, एकीला बरीच, एकीला भरपूर. किती किरणांनी कापूस जास्त येतो आणि धागा कितीवर बिघडायला लागतो, हे त्या हंगामात कळायचं होतं. पण किरणं खाल्लेली सरकी काही चकाकत नाही. दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. डॉक्टरांनी गुडघ्यांवर बसून प्रत्येक ट्रेमध्ये दोनशे बिया भरल्या, ट्रेंवरच्या चिठ्ठ्या सरळ केल्या आणि गार झालेला चहा प्यायला. कोणी पाहिलं नव्हतं.

शेतात एकाच ओळीत एक झाड छातीएवढं वाढलं, शेजारचं गुडघ्याशीच बसलं. केंद्राचे प्रमुख, म्हणजे मोठे डॉक्टर, जमिनीला दोष देऊन मोकळे झाले. जमीन उलट बोलत नाही. छोट्या डॉक्टरांनी मान डोलावली.

मग कापूस फणीमावशीकडे आला.

मावशीचं काम असं: एकेक सरकी घ्यायची, तिच्या अंगावरच्या रुईचा मधोमध भांग पाडायचा, दोन्ही बाजू छोट्या फणीने विंचरून काळ्या मखमलीवर पसरायच्या आणि पट्टी लावून धाग्याची लांबी सांगायची. सव्वीस वर्षं तिने हेच केलं होतं. "पोरींच्या वेण्या घालायला कधी वेळ मिळाला नाही," ती म्हणायची, "पण सरकीला विचारा, एकीचा भांग वाकडा गेलेला नाही."

या वेळी तिचे आकडे वेड्यासारखे आले. एकाच चिठ्ठीखाली एक धागा एकोणतीस मिलिमीटर, पुढचा बावीस. मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"मावशी, वय कुणाला चुकलंय? डोळे तपासून घ्या. तोवर गोदामात पोती शिवा."

छोटे डॉक्टर तिथेच उभे होते. त्यांना एकदम आपल्या बुटाची नाडी बघावीशी वाटली. बुटाला नाडी नव्हती.

"आठवडा द्या साहेब," मावशी म्हणाली. "पुन्हा मोजते."

एकदा मोजलेलं तिने जन्मात दुसऱ्यांदा मोजलं नव्हतं. आता ती सकाळी लवकर यायची, खिडकीपाशी उभी राहून पर्समधून सुई काढायची आणि दोरा ओवून बघायची. ओवला की काढायची, पुन्हा ओवायची. मग मोजायला बसायची. छोट्या डॉक्टरांना हे दाराच्या काचेतून दिसायचं आणि दिवसभर ती सुई कुठे तरी टोचत राहायची.

"चहा घेता?" एकदा त्यांनी विचारलं.

"नको. हात थरथरतो चहाने," ती म्हणाली. "आधीच डोळे गेलेत म्हणतात, वर हातही गेले म्हणतील."

डॉक्टरांनी आपलाही चहा सोडला. याने कुणाचं काही भलं झालं नाही, पण एवढं प्रायश्चित्त त्यांना झेपण्यासारखं होतं.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मावशीने दोन्ही कागद शेजारी ठेवले. आकडा न् आकडा तोच होता. ती खूश झाली नाही.

"म्हणजे दोन्ही वेळा सारखंच चुकलं," ती स्वतःशीच म्हणाली. "पोतीच शिवावीत." आणि फणी फडक्यात गुंडाळायला लागली.

डॉक्टर आत आले, दार लावून उभे राहिले आणि सगळं एका दमात बोलले: कप, उंबरठा, ट्रे, गुडघ्यांवर बसून भरलेल्या बिया. "मावशी, तुम्ही दोन्ही वेळा बरोबर मोजलंत. सरळ झालेल्या फक्त चिठ्ठ्या होत्या. डोळे तुमचे ठणठणीत आहेत. मला माफ करा."

मावशीने फडक्याची गाठ सोडली, फणी पुन्हा मखमलीवर ठेवली आणि पर्समधली सुई दोऱ्यासकट डॉक्टरांच्या तळहातावर दिली.

"माफीचं नंतर बघू, आधी वर जाऊन हे मोठ्या साहेबांना सांगा."