बलभीम मास्तरांची आतली नागीण

परंडा तालुक्यात लग्न ठरलं की आधी मंगल कार्यालय बघतात, मग आचारी, आणि मग सोनारीच्या बलभीम मास्तरांना फोन करतात. नवरा-नवरीचा नंबर त्यानंतर लागतो, असं निदान मास्तरांचं मत होतं.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, बँडचे. अकरा माणसांचा ताफा, तीन ट्रम्पेट, त्यातली बरी वाजणारी एक, आणि ती मास्तरांच्या हातात. गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा ते वाजवून दाखवायचे. या एका गोष्टीत ते कधी चुकले नाहीत, त्यामुळे बाकीच्या कुठल्याच गोष्टीत आपण चुकत नाही अशी त्यांची खात्री होऊन बसली होती. कुणी रस्ता विचारला तर माहीत नसलेला रस्ताही ते हात लांब करून दाखवायचे. टेम्पोचा ड्रायव्हर त्यांना विचारणं केव्हाच सोडून बसला होता. मास्तरांनी सांगणं सोडलं नव्हतं.

वरात लांबली की ओठ थकतात. मग ट्रम्पेट शेजारच्याकडे जायची, त्याचे ओठ थकले की परत मास्तरांकडे. याला बँडमध्ये ‘तोंड बदलणं’ म्हणत. मधे माउथपीस बाहीला पुसला जाई, आणि बाही कधी धुतली होती हे विचारायची पद्धत नव्हती. उन्हाळ्यात लग्नसराई ऐन भरात आली की मास्तरांच्या वरच्या ओठावर बारीक फोडांचा घोस यायचा. गावात त्याला ‘जर मुतला’ म्हणतात, म्हणजे ताप जाता जाता ओठावर खूण ठेवून गेला. मास्तर त्यावर लोणी लावायचे आणि वाजवायचे. पहिलवानाचा चुरगळलेला कान असतो तसा हा आपला धंद्याचा शिक्का आहे, असं ते नव्या पोरांना सांगत.

तर या मास्तरांना माघात राज्याच्या सीमेपलीकडची एक सुपारी आली. बँडवाल्यांच्या भाषेत सुपारी म्हणजे लग्नाचं काम, गैरसमज नसावा. पार्टी व्यापारी होती, मोठ्या मनाची होती. सकाळी पुन्हा वाजवायचं होतं म्हणून त्यांनी ताफ्याची सोय लॉजवर केली. त्या लॉजवर मास्तरांच्या आयुष्यात एक बाई आली आणि उजाडायच्या आत गेली. याहून जास्त तपशील मास्तरांनी कुणालाच दिला नाही, म्हणून आपल्याकडेही नाही. निरोधचं पाकीट होतं. ते कोटाच्या खिशात होतं आणि कोट खुंटीला होता.

परतीच्या वाटेवर मास्तरांनी ड्रायव्हरला एकही रस्ता दाखवला नाही. क्लॅरिनेटवाल्या गुरुलिंगला तेव्हाच शंका आली.

गुरुलिंग एके काळी औषधाच्या दुकानात काउंटरवर होता. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापण्याचा त्याला चांगला अनुभव होता, त्यामुळे बँडमध्ये तो डॉक्टर समजला जाई. आठवडाभर जीव मुठीत धरून मास्तरांनी अखेर त्याला गाठलं.

“येवढंच व्हय?” गुरुलिंग म्हणाला. “रक्त तपासून टाका. प्रायव्हेट लॅबमधी समद्या गुप्तरोगांचं एकच पॅकेज असतंय. मोबाइलवर रिपोर्ट येतो. कुणाला कळत न्हाय.”

परंड्यात सगळे ओळखीचे, बार्शीत सगळी गिऱ्हाइकं, म्हणून मास्तर गुपचूप धाराशिवला गेले. स्टँडवर उतरल्या उतरल्या रसवंतीतून हाक आली, “मास्तर, इकडं कुठं? वाजवायला का?” मास्तरांनी मान हलवली. हो का नाही, ते त्या मानेलाच माहीत.

रिपोर्ट आला तो इंग्रजीत. मास्तर आणि गुरुलिंग भैरवनाथाच्या देवळामागं ओट्यावर बसून तो बोटानं वर सरकवू लागले. माकडांखेरीज तिथं कुणी नव्हतं.

“एचआयव्ही निगेटिव्ह. ही गरमीची, निगेटिव्ह. ही काविळीची, निगेटिव्ह.” गुरुलिंगचा आवाज चढत गेला. “सुटलात मास्तर! पेढे...” आणि तो थांबला. “हितं एक पॉझिटिव्ह हाय. हर्पिस. एक नंबरची. दोन नंबरची न्हाय.”

“हर्पिस म्हंजी?”

“नागीण,” काउंटरच्या अनुभवावरून गुरुलिंग म्हणाला. “दुकानात नागिणीला जे मलम द्यायचो, त्याच्यावर हेच नाव असायचं.”

आता नागीण म्हणजे काय, हे धाराशिव जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. अंगावर फोडांची माळ उठते, ती कमरेला वेढा घालते आणि तिचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातो. असा गेलेला माणूस कुणी पाहिलेला नाही, पण त्याला ओळखणारे प्रत्येक गावात दोन-चार असतात. मास्तरांनी घरी येऊन कडी लावली, सदरा काढला आणि आरशात अंगाच्या दिसतील तेवढ्या बाजू तपासल्या. एक फोड नव्हता. रिपोर्ट खोटा असणार नाही, कारण तो इंग्रजीत होता. तेव्हा नागीण आतून उठली आहे, असा निर्णय त्यांनी दिला, आणि नेहमीसारखाच ठामपणे दिला. बाकीचे आजार नाहीत म्हणजे तो हिशेब मिटला. राहिली ती ही, लॉजवरून आणलेली.

ट्रम्पेट त्यांनी पेटीत घालून गुरुलिंगच्या घरी पोचवली. लॉजहून आल्यापासून कंबर धरल्याच्या नावाखाली ते ढोलांच्या खोलीत झोपत होतेच. आता बायकोला, कडूबाईला, त्यांनी सांगून टाकलं, “मला नागीण झालीय.”

कडूबाई तीस जणांचा स्वयंपाक न मोजता करणारी बाई. ती उगीच घाबरत नसे. तिनं लगेच महानंदा मावशीला बोलावलं. मावशीनं आसपासच्या गावांतल्या नागिणी काव लावून उतरवल्या होत्या. ही गेरूसारखी तांबडी माती उगाळून, नागिणीच्या तोंडापुढं रेघ ओढून, ती तिची वाट अडवायची.

“उठली कुठं?” मावशीनं वाटी सरसावली.

“आतून हाय,” मास्तर म्हणाले.

“आतून म्हंजी?”

“म्हंजी बाहीरून दिसत न्हाय.”

मावशी वाटीकडं बघत राहिली. “आरं बाबा, मग रेघ कुठं वढू? तिचं तोंड कुठं, शेपूट कुठं? न दिसणारी नागीण उतरवायला म्या काय फोटू काढणारी मशीन हाय?”

“तुमी आपली अंदाजानं वढा.”

“अंदाजानं वढली आन् ती फिरून दुसरीकडनं गेली तर नाव माझं जाईल,” असं म्हणून मावशी चहा घेऊन निघून गेली. काव मात्र ठेवून गेली, लागली तर असावी म्हणून.

कडूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. पाठमोरीच तिनं विचारलं, “अवो, अंगावर न्हाय ती नागीण तुमाला सांगितली कुणी?”

“रगत तपासलं.”

“रगत कशापायी तपासलं?”

मास्तरांकडं उत्तरं कधी कमी नव्हती. एखादं ठोकून देता आलं असतं. पण कडूबाईचे हात थांबले होते, आणि थापता थापता थांबलेले तिचे हात मास्तरांनी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी सांगितलं. लॉज, बाई, कोट, खुंटी. सगळं.

तव्यावरची भाकरी करपली. कडूबाईनं ती उलथली नाही, काढलीही नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, “त्या दिसापासनं ढोलापाशी झोपलात, येवढंच अकलेचं केलंत.” मग जराशानं, “नांदायचं का न्हाय ते मी मागनं बघीन. आधी काय झालंय ते खरं कळू द्या. उद्या धाराशिवला जायाचं. सरकारी दवाखान्यात. आन् तिथं तुमी बोलायचं न्हाय, त्यांनी बोलायचं.”

सरकारी दवाखान्यात गुप्तरोगाच्या खोलीबाहेर बसायला मास्तर लाजत होते. कडूबाई मात्र रेशनच्या रांगेत बसावं तशी बसली. आत हर्षाली मॅडम होत्या, समुपदेशक. त्यांनी मोबाइलवरचा रिपोर्ट पाहिला आणि आधी रिपोर्टबद्दल नव्हे, तारखेबद्दल विचारलं.

“संबंध कधी आला होता? आणि रक्त कधी दिलं?”

“आठ-नऊ दिसांनी,” मास्तर म्हणाले. “लगोलग. मी उशीर करणारा माणूस न्हाय.”

“उशीर तुम्ही एकाच बाबतीत केलात,” मॅडम म्हणाल्या. “बहात्तर तासांच्या आत आला असतात, तर डॉक्टरांनी तपासून एचआयव्ही टाळायच्या गोळ्या दिल्या असत्या. ती वेळ गेली. आणि रक्त मात्र फार लवकर दिलंत. मला सांगा, पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी रानात जाऊन ‘काही उगवलं नाही’ असा पंचनामा कराल का?”

“पर लिवलंय की, निगेटिव्ह.”

“त्या दिवसापुरतं खरंच लिहिलंय. पण एचआयव्ही, गरमी, कावीळ, ही रक्तात दिसायला आठवडे लागतात. आज आपण पुन्हा करू, दीड महिन्यानं करू आणि तीन महिने भरले की शेवटची. तेव्हाचं निगेटिव्ह ते खरं निगेटिव्ह. लघवीची तपासणी आज होईल, कावीळ ‘ब’ची लसही आजच सुरू करू.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “आन् ती नागीण?”

“कसली नागीण?”

कडूबाईनं सगळं सांगितलं, मावशीच्या वाटीसकट. मॅडमनी हसू गालातच ठेवलं. “नागिणीचा विषाणू वेगळा. तो कांजिण्यांचा. एकाच कुळातले आहेत, म्हणून मलम एकच चालतं. तुमच्या रिपोर्टात आहे ती हर्पिस एक. आणि रक्तात जी सापडलीय ती अंगानं त्या विषाणूशी लढायला कधीतरी उभी केलेली फौज आहे. ती आठवड्यात उभी राहत नाही. बहुतेक जुनीच असणार. ओठावर फोड येतात का हो कधी?”

“दर उन्हाळ्यात,” कडूबाई म्हणाली. “जर मुततो.”

“झालं तर. हीच ती.”

मास्तर खुर्चीत ताठ झाले. ज्या शिक्क्याची पोरांना ऐट सांगितली, तोच गुन्हेगार म्हणून कागदावर आला होता. “म्हंजी ट्रम्पेटीतून आली?”

“कुठून ते रक्त सांगत नाही. लहानपणी कुणी लाडानं मुका घेतला असेल, त्यातून येते. निम्म्याहून जास्त लोकांत असते. ट्रम्पेटमधूनही अगदीच नाही असं नाही. म्हणून फोड ओला असताना माउथपीस कुणाला द्यायचा नाही, मुका घ्यायचा नाही आणि तोंड दुसरीकडंही कुठं लावायचं नाही. जांघेत फोड, जखम दिसली तर लगेच यायचं, फोडातलं पाणी तपासतात. त्रास नसताना हर्पिससाठी रक्त आम्ही सहसा तपासतच नाही. उगीच माणसं घाबरतात.”

मग कडूबाईनं पदर सावरला. “म्हंजी असं म्हणा बाई. जिथं ‘हाय’ लिवलंय ते जुनंच हाय, आन् जिथं ‘न्हाय’ लिवलंय ते अजून ठरायचं हाय.”

“अगदी तसं.”

“आन् ह्यांनी ‘हाय’ला रडून घेतलं, ‘न्हाय’वर पेढे वाटाया निघाले.”

मास्तर भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत होते. तो एचआयव्हीचा तक्ता होता, बघण्यासारखं त्यात फार नव्हतं.

“तीन महिने एकतर लांब राहायचं, नाहीतर दर वेळी निरोध,” मॅडम म्हणाल्या. “कोटाबाहेर काढून.”

“लांब,” कडूबाई म्हणाली. मास्तरांना कुणी विचारलं नाही.

चैत्रात भैरवनाथाची यात्रा आली. ट्रम्पेट मास्तरांच्या हातात परत आली होती. रथापुढं उन्हात वाजवता वाजवता ओठावर फोड उठला तो उठलाच. शेजारच्यानं तोंड बदलायला हात पुढं केला, तर मास्तरांनी ट्रम्पेट छातीशी धरली. त्या दिवसापासून बँडमध्ये ज्याचा त्याचा माउथपीस झाला. याचं कारण मास्तरांनी पोरांना तपशीलवार समजावून दिलं. त्यातलं निम्मं बरोबर होतं. ठामपणा मात्र पूर्ण होता.

रात्री ते ढोलांच्या खोलीत झोपत. जेवायला वाढताना कडूबाई हवं-नको विचारायची, त्यापलीकडं बोलायची नाही. दीड महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मास्तरांनी गादीची गुंडाळी काखेत मारली होती. कडूबाई म्हणाली, “बाईंनी तीन म्हैने सांगितल्यात.” गुंडाळी परत उलगडली. त्या खोलीत मास्तरांना एक गोष्ट नव्यानं कळली. वारा आला की ढोल आपोआप घुमतात, आणि शेजारी कुणी नसलं की त्यांचा आवाज फार मोठा येतो.

तीन महिने भरल्यावर दोघं पुन्हा धाराशिवला गेली. हर्षाली मॅडमनी कागद पुढं केला. सगळं निगेटिव्ह. मास्तर उठायच्या बेतात होते. कडूबाई बसूनच होती.

“आता हे पक्कं का?”

“पक्कं,” मॅडम म्हणाल्या. “त्या रात्रीपुरतं.”

‘त्या रात्रीपुरतं’ हे दोन शब्द कडूबाईनं एसटीत बरोबर घेतले आणि घरी येईपर्यंत खाली ठेवले नाहीत. अंगणात पोचल्यावर म्हणाली, “गादी आणा आत.”

मास्तरांनी आणली.

“आन् एक. मुक्कामाची सुपारी घ्यायची न्हाय. राजाचं लगीन असलं तरी.”

मास्तरांनी मान हलवली. ही मान कुठल्या बाजूची, हे या वेळी कुणालाही कळलं असतं.

आता फोन आला की मास्तर आधी तेच सांगतात. सुपारी कितीही लांबची असो, वरात संपली की ताफा परत फिरतो. ड्रायव्हर कुरकुरतो, पोरं टेम्पोत ढोलावर डोकं टेकून पेंगतात आणि मास्तर पुढं बसून ड्रायव्हरला रस्ता दाखवतात. पार्टी म्हणते, “अहो मास्तर, लॉजची सोय केलीय, एसी हाय!” मास्तर ट्रम्पेटला कापड गुंडाळत सांगतात, “कलावंताला घरची झोप लागते. तिच्याबिगर दुसऱ्या दिवशी सूर लागत न्हाय.”

आणि ते इतक्या ठामपणे सांगतात, की तालुक्यातले दुसरे दोन बँडवालेही हल्ली मुक्काम करीत नाहीत.