टाच आणि पंजा

गाडी पुण्याहून आली त्या दिवशी ह्यांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. इथल्या शुक्रवार पेठेत आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. माळ्यावरून कापडाचा तागा काढताना शिडी सरकली आणि घोट्याची हाडं मोडली. डॉक्टरांनी आत प्लेट बसवली आणि उन्हाळ्यापर्यंत गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं.

गाडी मात्र कितीतरी आधी बुक केलेली. लाल, बुटकी, सहा गिअरची आणि बसायला पार जमिनीलगत. पन्नाशीनंतर माणसं देवदेव करतात, ह्यांनी स्पोर्ट्स कार घेतली. कॉलेजात असल्यापासूनचं ते वेड. आयुष्यभर चालवली ती दुकानाची माल पोचवायची व्हॅन, पण बोलणं कायम इंजिनांचं. घरात आम्ही सगळे ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

गाडी आणणारा माणूस किल्ली देऊन गेला. हे कुबड्यांवर टेकून तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि पायरीवर बसले. मला वाटलं, तिला डोळे भरून बघतायत. तर म्हणाले, "उभी राहून खराब होईल गं ही. नवं इंजिन मुरवावं लागतं."

"मग मुरवू की. कोण नको म्हणतंय?"

"कोण चालवणार?"

व्हॅन मीही चालवत होते, शाळाशाळांतून माल पोचवत होते. पण व्हॅन वेगळी आणि ही वेगळी. तरी ह्यांचा चेहरा बघून मी किल्ली उचलली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आमच्या घरात मोठ्यांची भाषा कानडी. त्या म्हणाल्या, "सावकाश होगरी." सावकाश जा. मला ते सांगायची गरज नव्हती, पहिल्या चौकापर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही.

पहिले पंधराशे किलोमीटर इंजिनाला ओरडू द्यायचं नाही. एकाच वेगात तासभर पळवायची नाही, वेग सारखा खालीवर करायचा, करकचून ब्रेक दाबून उभी करायची नाही. हे सगळं हे शेजारी बसून सांगत. सीट मागं सरकवून पाय लांब करत, आणि डोळे काट्यावर. सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही अक्कलकोट रस्त्याला जायचो. पहिल्या आठवड्यात मी गाडी इतक्या वेळा बंद पाडली, की रस्त्यावरच्या चहावाल्यानं ओळख दाखवायला सुरुवात केली. मग हळूहळू क्लच कळला. गाडीचा आवाज कधी समाधानी असतो आणि कधी कुरकुरतो, तेही कळायला लागलं.

एके दिवशी हे म्हणाले, "आता एक शिकवतो. बघ, वळण आलं की आपण ब्रेक मारतो आणि गिअर खाली टाकतो. क्लच सोडला की गाडी हिसका देते. का? चाकं जोरात फिरतायत आणि इंजिन हळू. तर उजव्या पायाच्या पंज्यानं ब्रेक दाबून धरायचा, आणि त्याच पायाच्या टाचेनं ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची. इंजिनाचा वेग वाढला की क्लच सोडायचा. हिसका बसत नाही."

"एका पायानं दोन्ही?"

"एका पायानं दोन्ही."

स्वतः करून दाखवायची सोय नव्हती. डाव्या पायानं हवेत दाखवत होते, आणि ते मला उलटं दिसत होतं.

मोकळा रस्ता बघून मी प्रयत्न केला. टाच वळवायला गेले तर पंजा ब्रेकवर जास्तच दाबला गेला. गाडी खाडकन थांबली. ह्यांचा प्लास्टरचा पाय पुढं जाऊन आपटला. ते ओरडले नाहीत. नुसता श्वास आत ओढला आणि चेहरा पांढरा पडला.

मी गाडी बाजूला घेतली आणि रडायलाच लागले. "मला नको ही. विकून टाका."

"पाय मोडलेला होताच," हे म्हणाले. "तू काही नवीन मोडलं नाहीस."

डॉक्टरांनी फोटो काढून बघितला, प्लेट जागेवर होती. पण मी किल्ली कपाटात ठेवली ती ठेवलीच. ह्यांनी रागावायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

चार-पाच दिवसांनी दुकानात गेले तर माझ्या शिलाई मशीनखाली काहीतरी मांडामांड केलेली. मशीन मोटरचं आहे, पायानं दाबायचं पेडल असतं ते. त्या पेडलच्या डावीकडं, थोडा उंच, एक लाकडी ठोकळा आणि त्यावर जाड फोम. सुई काढून ठेवलेली.

"हा फोम म्हणजे ब्रेक," हे स्टुलावरून म्हणाले. "तो अर्धा दाबून धरायचा आणि तेवढाच ठेवायचा. आणि मोटरचा आवाज एकदाच, भुर्र, एवढाच आला पाहिजे."

मला हसू आलं. नको नको म्हणत बसले. हिवाळ्यात गणवेशाला गिऱ्हाईक नसतं. दुपारी दुकानात आम्ही दोघंच, रस्त्यावर एखादी रिक्षा, आणि माझं भुर्र भुर्र चाललेलं. टाच काही केल्या पेडलवर पोचेना. माझा पाय लहान. पोचली तर फोमवरचा दाब सुटायचा. मी चिडले की हे चहा मागवायचे.

एकदा कंटाळून मी टाच वळवायचं सोडूनच दिलं. पंज्याची डावी बाजू फोमवर ठेवली आणि पाय नुसता उजवीकडं कलता केला. करंगळीकडच्या कडेनं पेडल दाबलं गेलं. भुर्र. फोम होता तिथंच.

"काय केलंस?"

"टाच विसरले."

"परत कर."

परत केलं. परत झालं. हे स्टुलावरून उठायला गेले, पायाचं भान राहिलं नाही, आणि काउंटर धरून सावरले. आम्ही दोघंही इतके हसलो की समोरचा भांडीवाला डोकावून गेला.

किल्ली कपाटातून निघाली. आधी ब्रेकशिवाय, नुसता गिअर खाली टाकताना टिचकी देण्याचा सराव केला. मग रिकाम्या रस्त्यावर हलका ब्रेक धरून. कधी जमायचं, बऱ्याचदा नाही.

जानेवारीत श्रीपूरला नणंदेकडं जायचं निघालं. तिचे यजमान तिथल्या साखर कारखान्यात आहेत. ऊसतोड जोरात होती. वेळापूर मागं टाकलं आणि रस्ताभर ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या उसानं भरलेल्या, मधेच बैलगाड्या. वेग धरावा तर लगेच सोडावा लागे. "मुरवायला ह्याच्यापेक्षा चांगला रस्ता नाही," हे खूष होऊन म्हणाले.

कालव्याच्या पुलाअलीकडं वळण होतं. वळले तर समोर ट्रॅक्टर, अगदी चालण्याच्या वेगात चढणारा. विचार करायला वेळच नव्हता. पायानं ब्रेक धरला, हातानं गिअर खाली ओढला, पाय आपोआप कलला, इंजिन एकदा हुंकारलं आणि क्लच सुटला. हिसका नाही. पुन्हा एक गिअर खाली, तेही तसंच. गाडी मांजरीसारखी ट्रॉलीच्या मागं चालायला लागली.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते.

पुढं टपरीवर तोच ट्रॅक्टर थांबला, आम्हीही थांबलो. ड्रायव्हरनं वाकून आत बघितलं. "ताई, लई खाली बसलाय की! रस्ता दिसतोय का तितनं?"

"दिसतो की."

"मागं कोण गुरगुरतंय म्हणून बघत हुतो, तर तुमी."

मला इतका अभिमान त्याआधी क्वचितच वाटला असेल.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता आणि घोटा वळत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पाय आडवा कलता करता आला पाहिजे, रोज करा. हे घरी आले आणि सरळ दुकानातल्या मशीनपाशी बसले. आता फोमवर त्यांचा पाय, आणि स्टुलावर मी. पहिल्या दिवशी पेडलला नुसतं बोट लागलं, आवाज आलाच नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी चहा मागवला.

मार्च संपता संपता डॉक्टरांनी परवानगी दिली. मंगळवेढ्याच्या रस्त्याला, गाव मागं पडल्यावर मी गाडी थांबवली आणि आम्ही जागा बदलल्या. पंधराशे किलोमीटर केव्हाच झाले होते, सगळे माझ्या हातून. ह्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि नुसते बसून राहिले.

"चला की," मी म्हटलं.

निघाले. ह्यांचं चालवणं छान, मुलायम. पण वळणावर पाय कलता करायला गेले आणि अडले. हिसका बसला. पुढच्या वळणावर पुन्हा. "पूर्वीसारखा वळायचा नाही हा आता," ते म्हणाले. डॉक्टरही थोडं तसंच म्हणाले होते.

"गुडघा आत घ्या थोडा. घोट्याला एकट्याला काम देऊ नका."

त्यांनी गुडघा आत घेतला. पुढचं वळण आलं. इंजिन जरा जास्तच ओरडलं, पण गाडी सरळ, न दचकता खालच्या गिअरमध्ये गेली.

दोन्ही बाजूंनी काढलेल्या ज्वारीची रानं, आणि रस्ता पुढं मोकळा.

मग हे म्हणाले, "दुकानाचा सीझन लागायच्या आधी आंबोलीला जाऊ. इथं सगळं सपाट. खरा घाट तिकडं."

"जाऊ. पण अर्धा घाट माझा."

"चढायचा का उतरायचा?"

"उतरायचा," मी म्हटलं. "गिअर खाली टाकायची मजा तिथंच."