पाचोऱ्याच्या दोन वेण्या

हसा खुशाल, पण आधी चहाचा कप खाली ठेवा, ठसका लागेल. जळगावात माझ्याएवढा हुशार माणूस दुसरा नाही, असं मला वाटायचं, तेव्हाची ही गोष्ट.

नव्वदच्या आसपासची. विम्याच्या ऑफिसात मी आजारपणाचे क्लेम तपासायचो. काय दिवस होते ते! फायलींचे ढीग, चारचा चहा, आणि अख्ख्या हॉलला मिळून एक टेबलफॅन. तोही माझ्याकडे पाठ करून! शिपाई नानांनी त्याची मान सुतळीनं बांधून ठेवलेली. जळगावचा मे महिना, नि मी घामानं निथळतोय. "नाना, माझ्याशी काय वैर आहे हो?" असं विचारलं की ते नुसते हसायचे.

एकदा पाचोऱ्याकडची फाईल आली. नऊ वर्षांच्या मुलीचे आजारानं सगळे केस गेलेले, म्हणून डॉक्टरांनी केसांचा टोप लिहून दिलेला. आणि बिल कुणाचं? नाटक-तमाशाच्या कपडेपटवाल्याचं! मी लाल शाईनं ठोकून दिलं : 'नाटकाचे सामान. नामंजूर.'

आठवड्याभरात तिचे वडील पोरीला घेऊन हजर.

"साहेब, दुकानदार टोप परत मांगस. टोप नई तं पोर शाळामा जात नई. सहा महिना घरमा बठेल व्हती."

मी पोरीकडे पाहिलं. लाल रिबिनी, दोन जाडजूड वेण्या!

"अहो भाऊ, हिला तर केस आहेत की!" असं म्हणून मी, पुतणीची ओढावी तशी, तिची वेणी ओढली.

आणि दोन्ही वेण्या माझ्या हातात आल्या हो!

पोरीनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. बापानं स्वतःची पांढरी टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. तिला चक्कर येईल म्हणून नानांनी सुतळी तोडून पंखा आमच्याकडे वळवला.

टोपीखालून पोर माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "काका, तुमना बी सरकना."

आता तुमच्यापासून काय लपवू? माझाही टोपच होता. त्याच दुकानातला! तो रोजच्या वापराचे टोप करतो, हे मला नाही तर कुणाला ठाऊक? पण बिल पास केलं असतं, तर "तुम्हाला कसं माहीत?" असं कुणीतरी विचारलं असतं. एवढ्या भीतीपोटी लेकराची शाळा बुडवायला निघालो होतो. लाज वाटली. आजही वाटते.

टोप काढला आणि आत जाऊन आमच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हा घातल्याशिवाय मी चार वर्षं घराबाहेर पडलो नाही. ही तर नऊ वर्षांची आहे."

साहेबांनी टोप बघितला, टक्कल बघितलं, आणि शिफारस लिहिली. नियमात असं काही बसत नव्हतं. बसायला हवं होतं. खास बाब म्हणून मंजूर झालं, आणि पोर वेण्या उडवत शाळेत गेली.

पण मला एक खटकत होतं. माझं टक्कल बघून कुणालाच कसं नवल वाटलं नाही? शेवटी नानांना विचारलं.

"भाऊसाहेब, बठ्ठासले, अख्खा हापिसले माहीत व्हतं. वारामा तुमना टोप उडी जाई, म्हनीसन तं चार वरीस पंखा बांधी ठेयेल व्हता."

आणि मी चार उन्हाळे त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो!