जीपवाल्या मॅडम

मॅडम संगणकासमोर बसल्या, की पर्स काखेत घट्ट धरायच्या, पदर खोचायच्या आणि आमच्यावर ओरडायच्या, "मी आता धाड गावची पोरगी हाये. माह्या गावची जीप सुटून राह्यली. बोल लवकर, काय दाबू?" मग आम्ही बनवलेलं पान उघडायचं आणि बाई तोंडाने जीपचा हॉर्न वाजवत बसणार. हॉर्नचा दम संपेपर्यंत अर्ज भरून झाला नाही, तर त्या उठायच्याच. "गेली जीप! आता मले घरी कोन नेते, तू नेतं का?" पान नापास. ऑफिसात त्यांचं नाव जीपवाल्या मॅडम पडलं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

विद्यापीठाची विद्यार्थ्यांसाठीची सगळी कामं एका पोर्टलवर आणायची, हे आमचं काम होतं. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, गुणपत्रिका, सगळं एकाच ठिकाणी. मॅडम मूळच्या धामणगाव बढ्याच्या. एका कॉलेजात संगणक शिकवायच्या, तिथून त्यांना प्रमुख म्हणून आणलेलं. मी त्यांच्या हाताखालचा प्रोग्रामर. पुण्यात शिकताना मी माझी वऱ्हाडी भाषा चांगली घासूनपुसून घेतली होती. मॅडम मात्र थेट मोठ्या साहेबांना भर बैठकीत विचारायच्या, "साहेब, हे असं काऊन?" मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षांत बीटी कपाशी लाल्या रोगाने लाल होऊन वाळत होती. वेचणीला मजूर लावणं परवडत नव्हतं, म्हणून घरच्या पोरी कॉलेज सोडून शेतात. त्यात एका शिक्क्यासाठी तालुक्याला जायचं म्हणजे सबंध दिवस मोडायचा, आणि तिथे गेल्यावर साहेब जेवायला गेलेले असायचे! मॅडमचा या गोष्टीवर फार राग. "पोरीयचा दिवस आपण काऊन खायाचा?" असं त्या म्हणायच्या, आणि हे म्हणताना हसायच्या नाहीत.

चूक झाली ती त्यांच्याच हातून. एका मोबाइल नंबरवर एकच विद्यार्थी, हा नियम त्यांनीच आग्रहाने करून घेतला होता, खोटे अर्ज भरणाऱ्या दलालांना आळा बसावा म्हणून. विद्यापीठाच्या समितीनेही तो मंजूर केला. परीक्षेचे अर्ज सुरू झाले आणि शेवटच्या दिवशी सकाळी सोनाळा गावच्या नसरीनचा फोन आला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. अर्ज अडकला होता. "मॅडम, अब्बा म्हणतात, यंदा कपाशीत काही राह्यलं नाही, पुढच्या साली कॉलेज नाही. आज अर्ज गेला नाही तर माह्यं शिक्षण संपलं." पोरगी रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

आम्ही पाहिलं, तर तिच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांचा नंबर एकच, किराणा दुकानदार सलीमचाचांचा. आता यात लबाडी कसली? घरातला फोन बापाच्या खिशात, बाप दिवसभर शेतात, आलेला मेसेज कोण वाचणार? चाचा मात्र कायम दुकानात. मेसेज आला, की जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती निरोप धाडायचे. नंबर द्यायचा तर भरवशाच्या माणसाचा द्यायचा, इतका साधा हिशेब. आमच्या यंत्राने चाचांना दलाल ठरवून टाकलं होतं!

मॅडमनी चाचांना फोन लावून एकेका पोराचं नाव विचारलं. चाचा प्रत्येकाच्या बापाचं नाव सांगता सांगता शेवटी वैतागले. "अरे मॅडम, सब अपनेच बच्चे है, किसका किसका पूछोगे?" मग मॅडमनी समितीच्या अध्यक्षांना फोन केला. नियम बदलायचा तर बैठक घ्यावी लागेल, ती पुढच्या आठवड्यात, असं उत्तर आलं. मॅडमनी फोन ठेवला आणि माझी खुर्ची बाजूला सारली. "समिती बसंल तवा बसंल. उठ, मी करतो." त्यांनी नियम स्वतःच्या हाताने काढला आणि नसरीनला चाचांच्याच फोनवर बोलावून म्हणाल्या, "भर बाई आता." संध्याकाळच्या आत सोनाळ्याचे सगळे अर्ज आले. मला इतका आनंद झाला, की मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला स्वतःच लिहून कळवलं, की नियम करण्यात चूक माझी आणि काढलाही मीच, बाकी कोणाला जाब विचारू नये. महिन्याभरात त्यांना परत कॉलेजात धाडलं. पोर्टलच्या पुढे झालेल्या औपचारिक उद्घाटनाच्या पत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं. मला संताप संताप झाला. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "पोरगी पेपरले बसली ना? मंग झालं."

त्यांची खुर्ची मला मिळाली. पुढच्या अर्जांच्या आधी समितीने बोलावलं आणि सांगितलं, तो नियम पुन्हा लावा. मी बैठकीत कधी तोंड न उघडणारा माणूस. पण सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, हे मले जमनार नाही." बाहेर येऊन पहिला फोन मॅडमना केला. बैठकीत काय बोललो ते शब्द न् शब्द सांगितलं.

"आता तुलेही काढतीन ना रे येडपटा," एवढंच म्हणाल्या, आणि हुंदके द्यायला लागल्या.