पाच जणांचे फोर हेरॉन्स

आमच्या फ्लॅटमध्ये एक ड्रॉवर आहे, त्यात जुने चार्जर साठत जातात. कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही, पण एक काढायला गेलं की चार बाहेर येतात. फोर हेरॉन्सच्या किश्श्यांचं आमच्या ग्रुपमध्ये अगदी तसंच झालंय. कोणीतरी सहज म्हणतं, "ए, ते आठवतं का?" आणि मागवलेली बिर्याणी गार होते.

फोर हेरॉन्स हा बेंगळुरूचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, तर ज्यातलं एक गाणं ऐकायला हाफ डे टाकावा लागतो ते. नावात चार बगळे, स्टेजवर माणसं पाच. कीबोर्डवाले जोसेफ अण्णा मागाहून आले, तोवर पोस्टरं छापून झाली होती.

आणि ग्रुप म्हणजे तिघंच. मी पुण्याची, माझ्या ऑफिसातला केदार नागपूरचा, आणि सुमेधा. सुमेधाचे वडील सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, घर मल्लेश्वरमला, जन्म इथलाच. त्यामुळे तिच्या मराठीत दर तिसरं वाक्य कन्नड 'सरी' म्हणून, म्हणजे 'बरं' म्हणून संपतं.

यंदा एक वाईट बातमी आली. जोसेफ अण्णा लेकीकडे कोचीला कायमचे चालले. केदार म्हणाला, "चला, निदान नाव तरी बरोबर होईल." पण बँडची अर्धी गाणी कीबोर्डवरच सुरू होतात. गिटार वाजवणाऱ्या रघूने एका शोच्या शेवटी माइकवरून सांगून टाकलं की दुसरं कोणी मिळालं नाही, तर बँड बंद.

सुमेधाचा चेहरा पडला. कारण तिला ती सगळी गाणी वाजवता येत होती, आणि हे सांगायचा धीर नव्हता. सेकंडहँड कीबोर्ड घेऊन, हेडफोन लावून, ती गुपचूप बसवत होती. घरच्यांनाही पत्ता नव्हता. आम्हा दोघांना माहीत होतं, पण तिने शपथ घातली होती.

* * *

मला हा बँड सापडला तो बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये. नवीनच आले होते, ऑफिसच्या कॅबमध्ये शेजारी केदार. गाडी हलत नव्हती. मी बोअर झालेली बघून त्याने एक इअरफोन माझ्या हातात दिला.

आधी नुसता पाण्यासारखा आवाज. मग गिटार. मग ड्रम आले, गेले, परत आले. माझी मान आपोआप हलायला लागली, पण मात्रांचा काउंट काही केल्या जुळेना. बाहेर तोच फ्लायओव्हर, तोच पाण्याचा टँकर, तोच स्कूटरवरचा माणूस. शेवटी सगळं शांत झालं. खरं सांगते, अंगावर काटा आला होता.

मी म्हटलं, "भारी गाणं आहे रे."

केदार म्हणाला, "हा इंट्रो होता."

* * *

केदारचं स्वतःचं तर त्याहून भारी! तो इंदिरानगरला स्टँडअप कॉमेडी बघायला गेला होता. चुकीच्या दिवशी. पहिल्या रांगेत बसला, एकटाच. स्टेजवर पाच गंभीर माणसं आली आणि वाजवायला लागली. केदारला वाटलं, हे कॉमेडियन येण्याआधीचं म्युझिक असेल.

बराच वेळ झाला तरी कॉमेडियन येईना. मग त्याला वाटलं, हाच जोक आहे. एवढं लांबवतायत म्हणजे शेवट जबरदस्त असणार. तो पुढे सरकून तयारीत बसला. गाण्यात एके ठिकाणी सगळी वाद्यं एकदम थांबतात, पिन पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होते. तिथे हा खो खो हसला.

शो संपल्यावर रघू त्याला शोधत आला. केदार घाबरून दाराकडे सरकत होता. रघूने विचारलं, त्या जागी तू का हसलास?

"मले वाटलं आता जोक येईन," केदार खरं तेच बोलला.

रघूने त्याला मिठी मारली. म्हणे, आजवर त्या जागेपर्यंत कोणी एवढं लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. तेव्हापासून केदार त्यांचा सगळ्यात जुना फॅन.

* * *

सुमेधाला बँड शोधावा लागलाच नाही. जोसेफ अण्णा तिच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. रोज संध्याकाळी छतातून एक धून यायची. सुंदर वर चढत जायची आणि मध्येच थांबायची. परत पहिल्यापासून. परत तिथेच स्टॉप. हे कित्येक दिवस चाललं.

एका संध्याकाळी सुमेधाचे वडील, आमचे काका, ताडताड जिना चढून गेले. सुमेधा मागे धावली, तिला वाटलं आता भांडण होणार. अण्णांनी दार उघडलं आणि आधीच सॉरी म्हणायला लागले. आवाज कमी करतो, खिडकी लावून घेतो, वगैरे.

काका म्हणाले, "आवाजाचं राहू द्या हो. पुढचं काय आहे ते एकदा वाजवा. रोज आम्ही घास हातात धरून बसतो."

अण्णा ओशाळले. "सर, पुढचं अजून सुचलं नाहीये."

काका खाली आले आणि घरात डिक्लेअर केलं, "त्यांनाही माहीत नाही. जेवून घ्या."

* * *

मग माझी आई. ती पुण्याहून आठ दिवस आली होती, आम्ही तिला शोला घेऊन गेलो. ती काठाची साडी नेसून आली, अगदी तयारीत. या बँडचा गायक डेव्हिड. गाण्यात शब्द फार उशिरा येतात, तोवर तो बिचारा माइकसमोर डोळे मिटून नुसता उभा असतो. आम्हाला ते फार खोल वाटायचं. मी तर एकदा त्यावर मोठी पोस्टसुद्धा लिहिली होती.

आई शो संपल्यावर सरळ त्याच्यापाशी गेली. गाणं आवडलं म्हणाली. मग त्याचा हात धरून हळूच हिंदीत विचारलं, "बेटा, इतना टाइम खडा रहता है, ये लोग कुर्सी नहीं देते क्या?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पुढच्या शोला स्टेजवर खुर्ची होती. डेव्हिड बसला होता, आणि भलताच खूश दिसत होता.

* * *

तर अण्णा निघायची वेळ जवळ आली, तरी बँडला कोणी मिळेना. सुमेधा रोज म्हणायची, उद्या सांगते. ती वरच्या मजल्यापर्यंत जायची आणि अण्णांना विरजण मागून परत यायची. घरात विरजणाचे चार डबे झाले! शेवटी एका शोला रघूने परत विचारलं, कोणी कीबोर्ड वाजवतं का ओळखीत? केदारने शपथ मोडली नाही. एक शब्दही बोलला नाही. त्याने फक्त शेजारी बसलेल्या सुमेधाचा हात मनगटाला धरून वर केला.

* * *

ऑडिशन रविवारी, पीण्या या कारखान्यांच्या भागात. एका लेथच्या वर्कशॉपच्या वर त्यांची प्रॅक्टिसची खोली आहे. खाली मशिनं बंद, वर आम्ही. जोसेफ अण्णा सुमेधाला कीबोर्डपाशी बसवून स्वतः खिडकीत जाऊन बसले.

रघूने त्यांचं सगळ्यात लांब गाणं सांगितलं. ते कधी रिलीज झालेलं नाही. केदारने एका शोमध्ये फोनवर केलेलं रेकॉर्डिंग हाच आमचा ग्रंथ, आणि सुमेधाने ते त्यावरूनच बसवलेलं.

सुरुवात झाली. पोरगी काय वाजवत होती! रघूने दोनदा मान वर केली. गाणं चढत चढत अगदी टोकाला गेलं, आणि तिथे सुमेधाने दोन्ही हात उचलले. दोन बीट. मग परत सुरू.

ड्रमवरचा इम्रान थांबला. मग सगळेच थांबले.

"हात का उचललेस?" त्याने विचारलं.

"तिथे गॅप आहे."

"नाहीये."

"आहे," सुमेधा म्हणाली. हीच ती मुलगी, समोर चुकीचा डोसा आला तरी 'सरी' म्हणून खाणारी.

केदार उठलाच. त्याने समजावून सांगितलं की ती जागा म्हणजे अख्ख्या गाण्याचा प्राण आहे, मासा टिपण्याआधी बगळा कसा क्षणभर श्वास धरतो तसं ते आहे, आणि आम्ही त्यावर कित्येक रविवार घालवलेत. मीही मान डोलावली. इम्रान आमच्याकडे बघतच राहिला.

"त्या शोला माझा चष्मा पडला होता," खिडकीतून जोसेफ अण्णा म्हणाले.

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"स्टँडच्या मागे. वाकून उचलला. मला वाटलं, कोणाला कळलं नसेल."

सुमेधाने हात मांडीवर घेतले. रघू तिच्याकडे बघत होता, मग अण्णांकडे, मग परत तिच्याकडे. त्याने गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"चष्मा ठेवायचा," तो म्हणाला. "तिथे सगळ्यांनी थांबायचं, दोन बीट. परत पहिल्यापासून." आणि मग, "सुमेधा, काउंट तू दे."