लबाडीच्या इराद्याने

माझा धाकटा भाऊ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. नेकनूरच्या बाजारपेठेत त्याचं पत्र्याचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, आतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. मोटार जड असते म्हणून बहुतेक वेळा तोच शेतावर जाऊन घेऊन येतो. चिठ्ठी नाही, पावती नाही. फोन आला की निघाला.

त्या उन्हाळ्यात गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा असाच फोन आला. पंचायतीत त्यांचाच शब्द चालतो. भाऊ गेला. विहिरीतून मोटार वर ओढताना त्यांनी स्वतः दोराला हात लावला आणि आठ दिवसांत पाहिजे म्हणून बजावलं.

पाचव्या दिवशी ग्रामसभा होती. आमच्या वस्तीत नळाची लाईन टाकून झाली, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात आमच्या बायका हापशावरून पाणी आणत होत्या. भावानं उभं राहून एवढंच विचारलं, की लाईन कुठं आहे ती दाखवा. सभेनं लगेच पुढचा विषय घेतला. दोन दिवसांनी दुकानापुढं पोलिसांची गाडी थांबली. उघडून ठेवलेली मोटार त्यांनी गोणीत भरली आणि भावाला सोबत नेलं.

मी बीडला शाळेत मराठी शिकवते. निरोप मिळाला तशी मिळेल ती बस धरून ठाण्यात पोचले. तक्रारीची प्रत हातात आली आणि बाकावर बसून मी ती वाचली. ‘फिर्यादीच्या संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने, स्वतःच्या फायद्याकरिता चोरून नेली.’ प्रत्येक शब्द मला कळत होता, म्हणूनच अंगाची लाही झाली. संमतीवाचून? ज्यांनी फोन करून बोलावलं, त्यांची संमती आणखी कशी असते? आणि माझ्या भावाच्या मनातला इरादा ह्यांनी कधी पाहिला? शेवटच्या ओळीत तर ‘सदर शेळी’ असं होतं. कुठल्या तरी जुन्या शेळीचोरीचा मजकूर घेऊन नाव, तारीख आणि वस्तू तेवढी बदलली होती. एका ठिकाणी शेळी तशीच राहिली होती.

मी ते हवालदारांना दाखवलं. त्यांनी शेळी खोडून मोटार केली, बाजूला सही केली. लबाडीचं काय, असं मी विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, “ताई, ती भाषा ठरलेली आसती. चोरी म्हनलं की हे शब्द येत्यातच.”

भावाला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. मग तारखा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेला तो दुकान बंद करून बीडला यायचा आणि मी शाळेतून अर्धी रजा टाकून कोर्टात जायची. दोषारोप ठेवला त्या दिवशी तेच वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर भाऊ म्हणाला, “सायेब, मोटार नेली हे खरं हाय. पन त्यांनीच दिल्ती.”

कबूल आहे की नाही तेवढं सांगा, असं त्याला पुन्हा बजावलं. “न्हाई,” तो म्हणाला. कागदावर एकच शब्द चढला, ‘नाकबूल’. मोटार त्यांनीच दिली, ह्या खऱ्या गोष्टीला त्या कागदावर जागाच नव्हती.

साक्षीला फिर्यादी आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आमच्या वकिलांनी त्या सकाळच्या फोनची नोंद पुढं केली. आधी ते आठवत नाही म्हणाले, मग फोन केला असेल म्हणाले. दोर कुणी ओढला, असं विचारल्यावर ते सरकारी वकिलांकडं बघू लागले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. वकील खुश होते. मी प्रत मागून घेतली. ‘आरोपीस संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त करण्यात येत आहे.’ भावानं मला दोनदा वाचायला लावलं.

“आक्का, म्हंजी संशय आजून हायच की.”

मी मराठीची बाई, पण त्याला पटेल असा दुसरा अर्थ काही मला काढता येईना. वकिलांना विचारलं. सुटलात ना, मग शब्दांच्या मागं कशाला लागता, असं ते म्हणाले. गावातही लोक तेच म्हणाले, सुटला. त्यानं चोरी केली नव्हती, असं कुणीच म्हणालं नाही. खोटी तक्रार देणाऱ्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. नळाची लाईन आजही कागदावरच आहे.

भावानं आता छापील पुस्तक करून घेतलंय. ‘ही मोटार मी स्वखुशीने दुरुस्तीस दिली आहे’ आणि खाली सही. मजकूर मीच लिहून दिला. मागच्या महिन्यात मी दुकानात बसले असताना वस्तीवरची एक म्हातारी रिक्षात मोटार टाकून घेऊन आली. आमच्या आईची मैत्रीण. भावानं पुस्तक पुढं केलं, तशी ती त्याच्याकडं बघत राहिली.

“माज्याकून बी आंगठा घेतो व्हय रं?”

भाऊ मान खाली घालून शाईचा डबा उघडत होता. तिनं अंगठा दिला, पदराला पुसला आणि मी मागवलेला चहा न घेताच ती निघून गेली.