आठही दिवे पेटले म्हणून

अंबरनाथजवळच्या कॅम्प चारमधल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी कामाला होते, तेव्हाची गोष्ट. राहायला कात्रपला. दुकानातून अंबरनाथच्या कारखान्यांच्या ऑफिसांत मशिनं जायची. साइटवर जाऊन त्यांत नेटवर्कची लॅन कार्डं टाकायची, टेस्ट करून रिपोर्ट ठेवायचे, हे माझं काम, आणि मला ते मनापासून आवडायचं. आठ तारांची केबल ओढून तिच्या टोकांना कनेक्टर लावायचं काम आमच्या सीनियरचं.

एका ऑफिसात नेटवर्क सारखं तुटायला लागलं. दुकानाच्या शेठनी सीनियरला विचारलं, तर हा पठ्ठ्या माझ्यासमोरच म्हणाला, "केबल ओके आहे, टेस्टरचे आठही दिवे पेटतात. हिलाच कार्ड हाताळता येत नाही. हात लावला की जळतं." झालं. शेठनी मला साइटवरून काढलं आणि काउंटरवर बसवलं, माऊस आणि कोऱ्या सीडी विकायला. माझं डोकं असं फिरलं की बस. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे आणि मनात त्याला शिव्या घालायचे. याला सोडायचं नाही, हे ठरलेलं होतं.

कार्डं बदलूनही रड तीच. शेवटी शेठ वैतागून म्हणाले, "जा, तेरे कार्ड वापस लेके आ." मी गेले. पण कार्डं काढण्याआधी प्रत्येक मशीनवर केबल टेस्ट चालवली. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्येच असते ती, आमच्याकडे कोणी उघडून बघत नव्हतं. जवळच्या मशिनांवर ठीक, लांबच्यांवर 'केबल खराब'. एक कनेक्टर डोळ्यांजवळ धरला आणि सगळं कळलं. हिरव्या जोडीतल्या दोन तारा निळ्या जोडीच्या अल्याड-पल्याड बसवायच्या असतात. या शहाण्याने रंगाशेजारी रंग लावून सगळ्या जोड्या ओळीने बसवल्या होत्या, दिसायला छान. दोन्ही टोकांना तीच चूक; तार इकडून तिकडे पोचते का, एवढंच टेस्टर बघतो, मग त्याचे दिवे पेटणारच. लांबच्या केबलवर मात्र सिग्नल एकमेकांत घुसतात.

दुरुस्त करून गुपचूप निघता आलं असतं. का म्हणून? मी टेस्टचे रिपोर्ट छापले, तिथल्या मॅनेजरसाहेबांसमोर ठेवले आणि त्यांच्याच फोनवरून शेठना सांगितलं, "सीनियरना पाठवा. मी हात लावला तर परत जळेल."

आला बिचारा भर दुपारी, घामाघूम होऊन. बिचारा म्हणते, पण तेव्हा मला काडीचीही दया आली नव्हती, आजही येत नाही. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून तो जुना कनेक्टर कापायचा, नवा लावायचा, आणि वर खुर्चीत बसून मी टेस्ट चालवायचे. हाताला सवय जुनीच, पुन्हा तसाच लावायचा. "फेल," मी म्हणायचे, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं. "परत करा." प्यूनसुद्धा थांबून बघत होता. मला इतकं गार गार वाटत होतं म्हणून सांगू.

सगळं पास झालं तेव्हा तो खालूनच हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, शेठना फोन करा ना. कार्डातच प्रॉब्लेम होता म्हणून सांगा. माझी इज्जत जाईल."

मी फोन लावला. पलीकडे शेठ आले तसा रिसीव्हर खाली त्याच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा, भाऊ," म्हटलं, "उद्यापासून साइटवर कोण जाणार ते."